सीटी अँजिओग्राफी: पॅकेजमध्ये घेऊ नका, गरज असताना टाळू नका

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन पेशंट आले. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून त्यांची गोष्ट सांगतो.

पहिले गृहस्थ ४६ वर्षांचे, बँकेत नोकरीला. तंबाखू नाही, डायबिटीस नाही, रोज सकाळी बॅडमिंटन. छातीत दुखणं नाही, धाप नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'चाळिशीनंतरचं हार्ट पॅकेज' आलं. चौघांनी मिळून बुकिंग केलं तर सवलत होती, म्हणून यांनी सीटी कोरोनरी अँजिओग्राफी करून घेतली. रिपोर्टमध्ये हृदयाच्या एका रक्तवाहिनीत '३० ते ४० टक्के' असा आकडा निघाला. त्या दिवसापासून झोप उडाली. बॅडमिंटन बंद. बायकोने जिना चढायलाही मनाई केली. एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आलं, "आता एकदा तारेची अँजिओग्राफी करून घ्या, गरज वाटली तर त्याच टेबलावर स्टेंट टाकू." फाइल घेऊन ते माझ्यासमोर बसले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "डॉक्टर, मला अटॅक कधी येईल?"

दुसऱ्या ताई ३८ वर्षांच्या. घोट्याचं हाड मोडलं होतं, तीन आठवडे पाय प्लास्टरमध्ये. एके दिवशी अचानक धाप लागली आणि श्वास आत घेताना बरगडीत टोचायला लागलं. ईसीजी झाला, एक्स-रे झाला, दोन्ही नॉर्मल. ॲसिडिटीची गोळी मिळाली आणि 'टेन्शन घेऊ नका' असा सल्ला मिळाला. चौथ्या दिवशी एका डॉक्टरांनी सीटी करू या म्हटलं, तर घरचेच म्हणाले, "नको, सीटीच्या किरणांनी कॅन्सर होतो." सहाव्या दिवशी ताई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडल्या. तेव्हा केलेल्या सीटीत दोन्ही फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमध्ये गुठळ्या दिसल्या. काही दिवस आयसीयूत राहून त्या वाचल्या. माझ्याकडे आल्या त्या पुढच्या तपासणीसाठी.

मशीन तेच. ज्यांना त्याची गरज नव्हती त्यांनी ते सवलतीत वापरलं, आणि जिला गरज होती तिला ते सहा दिवस मिळालं नाही. ही दोन वेगळी दुखणी नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे: सीटी अँजिओग्राफी ही एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देणारी तपासणी आहे, हे आपण विसरलो आहोत. पेशंट विसरले आहेत आणि, प्रामाणिकपणे सांगतो, आम्ही डॉक्टरही विसरलो आहोत. आजचा लेख त्याबद्दल आहे.

'छातीचा सीटी' ही एक तपासणी नाही

माणसावर पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये १९७१ साली झाला, तोही मेंदूचा. ते मशीन बनवणारे गॉडफ्री हाउन्सफील्ड आणि त्यामागचं गणित मांडणारे ॲलन कॉरमॅक यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा एकेक प्रतिमा घ्यायला काही मिनिटं लागायची. धडधडणाऱ्या हृदयाचा फोटो काढणं तेव्हा शक्यच नव्हतं. आजचं मशीन सेकंदाच्या काही भागात एक फेरी पूर्ण करतं, म्हणून दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्याही दिसतात.

पण त्या आपोआप दिसत नाहीत. साध्या सीटीत रक्त आणि रक्तवाहिनीची भिंत जवळजवळ सारख्याच रंगाची दिसते. म्हणून हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडतात. त्याला आपण 'डाय' म्हणतो. हे औषध आधी हृदयाच्या उजव्या बाजूला जातं, तिथून फुप्फुसांत, मग डाव्या बाजूला आणि शेवटी महाधमनीतून हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत. डाय फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत असताना फोटो काढला तर तो सीटी पल्मनरी अँजिओग्राम. त्यानंतर काही सेकंदांनी, डाय हृदयाच्या रक्तवाहिन्यांत असताना, ईसीजीच्या ठोक्याशी जुळवून फोटो काढला तर ती सीटी कोरोनरी अँजिओग्राफी. डाय न देता हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेला चुना मोजला तर तो कॅल्शियम स्कोअर. आणि डाय न देता फुप्फुसाचं मांस बारकाईने पाहिलं तर तो एचआरसीटी. कोविडच्या काळात घराघरांत पोहोचला तो हाच.

म्हणजे छाती एकच, मशीन एकच, पण प्रश्न बदलला की तपासणी बदलते. "डॉक्टर, मागच्या आठवड्यातच छातीचा सीटी केलाय, गुठळी असती तर दिसली नसती का?" असं मला अनेक जण विचारतात. तो एचआरसीटी असेल तर त्यात गुठळी दिसली नाही याला काहीही अर्थ नाही, कारण ती शोधण्यासाठी तो काढलेलाच नव्हता. त्याचप्रमाणे फुप्फुसाच्या गुठळीसाठी काढलेल्या सीटीवरून 'हृदयात ब्लॉकेज नाही' असा निष्कर्ष काढू नका.

तक्रार नसताना पॅकेज का नको?

मला ठाऊक आहे, इथे तुमच्यातले बरेच जण नाराज होतील. "आमच्या ऑफिसातला ४२ वर्षांचा धडधाकट मुलगा अचानक गेला. त्याने स्कॅन केला असता तर?" हा प्रश्न खरा आहे आणि त्यामागचं दुःखही खरं आहे. भारतीयांना हृदयविकार कमी वयात गाठतो, हेही खरं. पण 'स्कॅन केला असता तर वाचला असता' हे वाक्य आपण तपासून घेतलं पाहिजे. ते तपासलं गेलं आहे.

दक्षिण कोरियात तक्रार नसलेल्या, कमी धोक्याच्या १,००० लोकांची सीटी कोरोनरी अँजिओग्राफी झाली आणि त्यांची तुलना तपासणी न केलेल्या तशाच १,००० लोकांशी केली गेली. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. स्कॅन केलेल्यांपैकी २१५ जणांच्या रक्तवाहिन्यांत काही ना काही सापडलं. त्यांच्या पुढच्या तपासण्या वाढल्या, औषधं वाढली, स्टेंट आणि बायपासही वाढले. दीड वर्षानंतर हिशोब केला, तेव्हा दोन्ही गटांत हृदयाची गंभीर घटना प्रत्येकी एकच होती.

कुणी म्हणेल, ते कमी धोक्याचे लोक होते. मग डायबिटीस असलेल्यांचं पाहू. अमेरिकेत ९०० मधुमेही लोकांवर, ज्यांना हृदयाची कोणतीही तक्रार नव्हती, अशीच चाचणी झाली आणि २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. स्कॅन करून त्यानुसार उपचार केलेल्यांत ६.२ टक्के लोकांना मृत्यू, हार्ट अटॅक किंवा अटॅकच्या उंबरठ्यावरचं दुखणं आलं, आणि स्कॅन न करता नेहमीचे चांगले उपचार घेतलेल्यांत ७.६ टक्के लोकांना. हा फरक इतका लहान होता की तो योगायोगही असू शकतो.

असं का होतं? कारण '४० टक्के ब्लॉकेज' या शब्दांना आपण जो अर्थ लावतो तो चुकीचा आहे. आपल्या डोळ्यांसमोर तुंबलेला नळ येतो. रक्तवाहिनी तशी नसते. ४० टक्के अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून साधारणपणे पुरेसं रक्त जातं, धावतानाही जातं. अशा ठिकाणी स्टेंट टाकून काहीही मिळत नाही. हार्ट अटॅक बहुतेक वेळा येतो तो चरबीच्या थराला अचानक तडा जाऊन त्यावर गुठळी बसल्याने. तो थर किती टक्के होता यापेक्षा तो किती अस्थिर होता हे महत्त्वाचं. आणि तो स्थिर ठेवण्याचे उपाय तुम्हाला माहीत आहेत: तंबाखू आणि सिगारेट बंद, ब्लड प्रेशर आटोक्यात, साखर आटोक्यात, गरज असेल तर स्टॅटिनची गोळी, आणि रोजची हालचाल. यातल्या एकाही गोष्टीसाठी आधी सीटी करावा लागत नाही.

माझ्या बँकवाल्या पेशंटचं मी काय केलं? कोलेस्टेरॉल आणि बीपी तपासलं, वडिलांना ५० व्या वर्षी अटॅक आला होता हे विचारून काढलं, स्टॅटिन सुरू केलं आणि बॅडमिंटन पुन्हा चालू करायला सांगितलं. तारेची अँजिओग्राफी नाही, स्टेंट नाही. "पण डॉक्टर, निदान स्कॅनमुळे गोळी तरी सुरू झाली ना?" असं ते म्हणाले. मी म्हटलं, "वडिलांचा अटॅक आणि तुमचं कोलेस्टेरॉल एवढं कळलं असतं तरी मी हीच गोळी दिली असती. ते कळायला रक्ताची एक तपासणी आणि पाच मिनिटं बोलणं पुरेसं होतं."

आणखी एक गोष्ट. छातीचा स्कॅन काढला की फुप्फुसंही दिसतात आणि त्यात छोटे ठिपके सापडतात. आपल्याकडे टीबी इतका पसरलेला आहे की जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचे व्रण पुष्कळांच्या छातीत असतात. रिपोर्टवर 'नोड्यूल' शब्द आला की पुन्हा स्कॅन, पुन्हा काळजी, कधी सुई घालून तुकडा काढणं. हृदय तपासायला गेलेला माणूस कॅन्सरच्या भीतीने परत येतो.

मध्यम धोक्याच्या काही लोकांत, म्हणजे स्टॅटिन द्यावं की नाही असा खरोखर पेच असतो तिथे, कॅल्शियम स्कोअरचा उपयोग होतो. त्यात डाय लागत नाही आणि किरणंही कमी. स्कोअर शून्य आला तर पुढची काही वर्षं धोका कमी असतो. पण 'कमी' म्हणजे 'नाही' असं नाही. तरुण वयात चरबीचा थर मऊ असतो, त्यात चुना नसतो आणि तो या तपासणीत दिसत नाही. म्हणून स्कोअर शून्य आला म्हणून सिगारेट चालू ठेवणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

तक्रार असेल तर सीटी आधी का नाही?

आता दुसरी बाजू. चालताना, जिना चढताना छातीत दडपण येतं, थांबलं की जातं, असं महिनाभर होतंय. अशा पेशंटला आपल्याकडे काय सांगितलं जातं? टीएमटी करा आणि पुष्कळदा थेट 'अँजिओग्राफी करून टाकू'. म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून तार घालून केलेली. कॅथलॅबच्या टेबलावर झोपलेल्या माणसाला, बाहेर उभ्या नातेवाइकांना मॉनिटर दाखवून विचारलं जातं, "७० टक्के आहे, आत्ताच टाकायचा का?" त्या क्षणी 'नाही' म्हणण्याची हिंमत कुणाची होईल?

इथे सीटी कोरोनरी अँजिओग्राफीचा खरा उपयोग आहे आणि इथेच ती कमी वापरली जाते. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखण्याची तक्रार असलेल्या ४,१४६ लोकांवर 'स्कॉट-हार्ट' नावाची चाचणी झाली. नेहमीच्या तपासण्यांना सीटीची जोड दिलेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक २.३ टक्के लोकांना आला. सीटी न केलेल्या गटात ३.९ टक्के लोकांना. लक्षात घ्या, फायदा जास्त स्टेंट टाकल्याने झाला नाही. पाच वर्षांत दोन्ही गटांत स्टेंट-बायपास जवळपास सारखेच होते. फायदा बहुधा झाला तो योग्य माणसाला योग्य गोळ्या सुरू झाल्याने.

युरोपातल्या 'डिस्चार्ज' चाचणीने तर तार आणि सीटी यांची थेट तुलना केली. छातीत दुखणारे पण धोका मध्यम असलेले ३,५६१ लोक. साधारण साडेतीन वर्षांनंतर मृत्यू, हार्ट अटॅक किंवा लकवा यांचं प्रमाण सीटीने सुरुवात केलेल्यांत २.१ टक्के आणि तारेने सुरुवात केलेल्यांत ३ टक्के होतं, म्हणजे हे दोन रस्ते यात फारसे वेगळे नव्हते. पण तपासणी-उपचारांतून उद्भवलेले मोठे त्रास सीटी गटात ०.५ टक्के आणि तारेच्या गटात १.९ टक्के होते.

सीटीचा आणखी एक फायदा आकड्यांत दिसत नाही. रिपोर्ट हातात घेऊन तुम्ही घरी जाता. रात्रभर विचार करता. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता. टेबलावर झोपलेल्या माणसाला हे काहीच करता येत नाही.

आणि समजा, सीटीत खरोखर मोठं ब्लॉकेज निघालं, तरी लगेच घाबरून धावायचं नाही. ३७ देशांतल्या ५,१७९ लोकांच्या 'इस्केमिया' चाचणीत भारतीय पेशंटही होते. सगळ्यांच्या हृदयाला रक्तपुरवठा बऱ्यापैकी कमी पडत होता, पण दुखणं स्थिर होतं. आधी स्टेंट-बायपास केलेल्यांत आणि आधी नीट औषधं घेतलेल्यांत मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांत ठळक फरक दिसला नाही. छातीतलं दुखणं मात्र स्टेंट-बायपासने जास्त कमी झालं, आणि ज्याला रोज दुखतं त्याच्यासाठी ते मोलाचं आहे. मुख्य डाव्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदय कमजोर झालेले लोक या चाचणीत नव्हते. त्यांचा निर्णय वेगळा असतो.

सीटीला मर्यादाही आहेत. खूप चुना साचला असेल तर सीटीत ब्लॉकेज आहे त्याहून मोठं दिसतं. बारीक स्टेंटच्या आतलं नीट दिसत नाही. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर फोटो हलतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: छातीत सतत दडपण, दरदरून घाम, हात-जबड्यापर्यंत जाणारी कळ असेल तर तो हार्ट अटॅक असू शकतो. तिथे सीटी सेंटर शोधत फिरू नका. ताबडतोब ईसीजी काढा आणि कॅथलॅब असलेल्या ठिकाणी जा. तिथे तारेची अँजिओग्राफीच जीव वाचवते.

फुप्फुसातली गुठळी: जिथे सीटी टाळणं महागात पडतं

पायाच्या शिरेत, बहुतेक वेळा पोटरीत किंवा मांडीत, रक्ताची गुठळी होते. तिचा तुकडा सुटतो, हृदयातून पुढे जातो आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकतो. याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. हे कुणाला होतं? मोठं ऑपरेशन झालेल्यांना, प्लास्टरमुळे किंवा आजारपणामुळे अंथरुणाला खिळलेल्यांना, कॅन्सर असलेल्यांना, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना, आधी गुठळी झालेल्यांना. आणि हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना. गौरी-गणपतीत, घरातल्या लग्नात, सत्यनारायणाच्या पूजेला पाळी पुढे ढकलायची म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणल्या जातात. त्यांनीही गुठळीचा धोका वाढू शकतो. आम्ही धाप लागलेल्या बाईला 'काही गोळ्या चालू आहेत का?' विचारतो तेव्हा ती 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी ते औषधच नसतं. कृपया सांगत जा.

हा आजार ओळखणं अवघड आहे, हे मी मान्य करतो. ईसीजी आणि एक्स-रे नॉर्मल असू शकतात. टू-डी एको सुद्धा नॉर्मल असू शकतो. म्हणूनच 'सगळे रिपोर्ट नॉर्मल, टेन्शनमुळे होतंय' हे वाक्य, विशेषतः बायकांच्या बाबतीत, आम्ही डॉक्टर फार लवकर उच्चारतो. ते बंद झालं पाहिजे.

वाट पाहण्याची किंमत काय असते? १९६० मध्ये ब्रिटनमध्ये बॅरिट आणि जॉर्डन या दोन डॉक्टरांनी पल्मनरी एम्बोलिझमच्या ३५ पेशंटची चाचणी केली. रक्त पातळ करणारी औषधं न दिलेल्या १९ जणांपैकी ५ जण याच आजाराने गेले. औषधं दिलेल्या १६ जणांपैकी या आजाराने एकही गेला नाही. त्यानंतर औषध न देता अशी तुलना करण्याचं धाडस कुणी फारसं केलं नाही.

पण याचा अर्थ धाप लागलेल्या प्रत्येकाला सीटीत घालायचं असाही नाही. आधी प्रश्न विचारायचे असतात. एका पायाला सूज आहे का? नाडी शंभरच्या वर आहे का? गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन किंवा सक्तीची विश्रांती? खोकल्यातून रक्त? आधी गुठळी? कॅन्सर? यांना गुण देऊन डॉक्टर शक्यता ठरवतात. शक्यता कमी असेल तर डी-डायमर ही रक्ताची तपासणी करतात. ती नॉर्मल आली तर सीटीची गरज नाही. ती वाढलेली आली म्हणजे गुठळी आहेच असं नाही, कारण इन्फेक्शनमध्ये, गरोदरपणात, ऑपरेशननंतर आणि वयाप्रमाणेही ती वाढते. म्हणून तक्रार नसताना पॅकेजमध्ये डी-डायमर करणं हाही तोच वेडेपणा. शक्यता जास्त असेल तर मात्र डी-डायमरची वाट न बघता सीटी करायचा, आणि रक्तस्रावाचा मोठा धोका नसेल तर रिपोर्ट येण्याआधीच औषध सुरू करायचं.

माझ्या त्या ताईंना प्लास्टर होतं, अचानक धाप होती, नाडी ११५ होती. प्रश्न स्पष्ट होता. उत्तर देणारं मशीन त्याच शहरात होतं. मधे आली ती ॲसिडिटीची गोळी आणि किरणांची भीती.

किरणं आणि डाय: भीती किती, खबरदारी किती

जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला दरवर्षी किरणं मिळतच असतात. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट. कॅल्शियम स्कोअरला साधारण १ मिलिसिव्हर्ट लागतं. चांगल्या मशीनवर नीट केलेल्या कोरोनरी किंवा पल्मनरी सीटीला साधारण २ ते ५, जुन्या पद्धतीने केल्यास १० किंवा जास्त. एका स्कॅनने पुढे कॅन्सर होण्याचा धोका फार लहान आहे. जीवघेण्या गुठळीच्या शंकेपुढे तो नगण्य आहे. तक्रारच नसताना, दर दोन वर्षांनी, तोच लहान धोका मात्र निष्कारण आहे. गरोदर बाईलाही गरज असेल तर हा सीटी करता येतो. बाळापर्यंत पोहोचणारी किरणं अत्यल्प असतात. आधी पायाची सोनोग्राफी करतात. तिच्यात गुठळी सापडली तर सीटीविनाही उपचार सुरू होतात.

डायबद्दल: किडनीचा आजार असेल तर आधी क्रिएटिनिन तपासून घ्या. मेटफॉर्मिन घेत असाल तर सांगा. बहुतेकांना ती बंद करावी लागत नाही, किडनी खूप कमजोर असेल तर करावी लागते. पूर्वी डायची रिॲक्शन आली असेल तर आवर्जून सांगा. "मला कोळंबी चालत नाही, मग आयोडीन कसं चालेल?" असं कोकणातले पेशंट विचारतात. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नाही. तेवढ्यावरून सीटी नाकारू नका. कोरोनरी सीटीच्या आधी ठोके कमी करायची गोळी आणि जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. सिल्डेनाफिलसारखी गोळी घेत असाल तर लाजू नका, सांगा. दोन्ही एकत्र आली तर बीपी धोकादायकपणे उतरतं.

मग पॅकेज विकलं का जातं?

कारण मशीन कोट्यवधींचं असतं, त्याचा हप्ता दर महिन्याला असतो, आणि खरोखर गरज असलेले पेशंट तेवढे नसतात. निरोगी माणसं मात्र भरपूर असतात. घाबरवली की तीच गिऱ्हाइकं होतात. महाराष्ट्रात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये तयार झाला होता. त्याच वर्षी केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. किंमत उतरली हे चांगलंच झालं. पण नको असलेला स्टेंट स्वस्त झाला म्हणून हवासा होत नाही. सगळे डॉक्टर, सगळी सेंटरं असं करतात असं मी म्हणत नाही. पण जे करतात त्यांच्याबद्दल आम्ही गप्प बसतो, हा आमचा दोष आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी सीटी सुचवला, तर हे पाच प्रश्न विचारा:

१. या स्कॅनमधून नेमका कोणता प्रश्न सुटणार आहे?
२. उत्तर 'हो' आलं तर उपचार काय बदलणार? 'नाही' आलं तर काय?
३. त्याआधी करण्यासारखी साधी तपासणी आहे का?
४. माझी किडनी, ॲलर्जी, गरोदरपण, चालू गोळ्या लक्षात घेतल्या आहेत का?
५. तो आजच करायला हवा, की दोन दिवस विचार करून चालेल?

या प्रश्नांवर चिडणारा डॉक्टर बदला. 'पॅकेजमध्येच आहे, करून टाका' हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. पण पाचव्या प्रश्नाला डॉक्टर 'आजच, आत्ताच' म्हणाले आणि कारणही सांगितलं, तर किरणांची भीती घरी ठेवा आणि स्ट्रेचरवर झोपा. पैशांची जुळवाजुळव नातेवाइकांवर सोडा.

बँकवाले पेशंट परवा भेटले. बॅडमिंटन चालू आहे. पुढच्या वर्षीचं पॅकेज ग्रुपवर पुन्हा आलंय म्हणाले. त्यांनी तिथे फक्त एवढंच लिहिलं: "माझा प्रश्न काय आहे ते आधी सांगा."

(हा लेख माहितीसाठी आहे. छातीत दुखत असेल किंवा अचानक धाप लागली असेल तर तो वाचत बसू नका. जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा.)